शिवडीच्या कॉलेजातल्या गायकवाड बाई

आमच्या मयुरीचा बारावीचा निकाल लागला तेव्हा घरी आलेल्या प्रत्येकाने एकच वाक्य ऐकवलं. कॉलेज कुठलंही असो, शिकणाऱ्याला काय फरक पडतो? माझ्या या नातीला टाउनमधल्या, म्हणजे फोर्टाकडच्या, कॉलेजांनी घेतलं नव्हतं, माटुंग्याच्यांनीही नाही, म्हणून तिचं मन राखायला सगळे तसं बोलत होते. गायकवाड बाई तेव्हा भिंतीला टेकून माझ्याकडे जेवत होत्या. बांगड्याचा काटा ताटाच्या कडेला ठेवून त्या म्हणाल्या, "पडतो. भरपूर पडतो. पडत नाही म्हणणाऱ्यांची पोरं चांगल्या कॉलेजात असतात."

मयुरीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "बरं, मग?"

हे 'बरं, मग?' त्यांचं नेहमीचं होतं. कुणी काही रडगाणं सांगितलं की त्या पूर्ण ऐकून घेत, मध्ये बोलत नसत, च्चच्च करत नसत, आणि शेवटी हे दोन शब्द टाकत. ऐकणाऱ्याला आधी राग यायचा. घरी गेल्यावर तोच माणूस विचार करायला लागायचा, की खरंच, मग पुढे काय?

मयुरी नाक पुसत म्हणाली, "मग काय, तुमच्याच कॉलेजला येते."

"ये. पण एक आत्ताच ऐकून ठेव. आमच्या कॉलेजचं नाव सांगितल्यावर तुला कुणी बस म्हणणार नाही. खुर्ची तुझी तुलाच ओढून घ्यावी लागेल. ओढायची कशी, तेवढं मी शिकवीन."

मी स्वतः चौथी शिकलेली. मालवणाकडच्या शाळेतली चौथी, तीही धड नाही. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद झाल्यावर लालबागच्या आमच्या चाळीत मी खाणावळ सुरू केली. खाणावळ म्हणजे काय, पुढच्या खोलीत दोन टेबलं आणि भिंतीकडेला चटया. गायकवाड बाई शिवडीच्या एका कॉलेजात अकाउंट्स शिकवायच्या. कॉलेज सकाळचं. ते सुटलं की चालत माझ्याकडे यायच्या, जेवायच्या आणि वरळीची बस पकडायच्या. राहायच्या वरळीच्या बीडीडी चाळीत. लग्न केलं नव्हतं. का नाही, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पुष्कळ वर्षं त्या माझ्याकडे जेवल्या, एवढं पुरे.

दिसायला सांगण्यासारखं काही नव्हतं. काळ्या, उंच, हाडं दणकट. सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. अंबाड्यात पेन खोचलेलं असायचं, आणि जेवताना ते पेन शोधत पिशवी उपसत बसायच्या. डोक्यात आहे असं मी सांगायचे नाही. मजा वाटायची. फोन मात्र नेहमी स्पीकरवर. कान चांगले होते, पण फोन कानाला लावला की समोरचा माणूस आपल्या कानात थुंकतोय असं वाटतं म्हणायच्या. त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं आमच्या अख्ख्या मजल्याला पाठ असायचं.

त्या यायला लागल्यावर काही दिवसांनी माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाला कळलं की बाई बौद्ध आहेत, बीडीडीतल्या आहेत. तो मला ऐकू जाईल असं म्हणाला, "मावशी, हल्ली तुमच्याकडे कुणीही येऊन बसायला लागलंय."

मी म्हटलं, "होय ना, तुम्हीपण बसलाच आहात की."

बाई हसल्या नाहीत. भाताचा घास खाली ठेवून त्या गृहस्थाला म्हणाल्या, "मीठ इकडे द्या जरा." त्याने दिलं. पुढे तो त्यांच्याकडूनच मुलाचा आयकराचा फॉर्म तपासून घ्यायचा. सहा डिसेंबरला तेवढ्या बाई जेवायला येत नसत. त्या दिवशी शिवाजी पार्कात पुस्तकांच्या स्टॉलवर असत, आणि दुसऱ्या दिवशी पिशवीभर पुस्तकं घेऊन दारात. एक-दोन माझ्या टेबलावर ठेवून जात. कुणी वाचायला उचललं की खूश.

त्यांच्या कॉलेजबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. शिवडीला गोदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जुनी इमारत आहे. खाली शाळा, वर कॉलेज. वर जायला बाहेरून जिना. आजूबाजूला गोदामं आणि ट्रान्सपोर्टवाल्यांची ऑफिसं, दिवसभर कंटेनरची ये-जा, हॉर्न वाजला की शिकवणं थांबवायचं. मुलं लालबाग, काळाचौकी, नायगाव, शिवडी इथली. कुणाचा बाप टॅक्सी चालवतो, कुणाचा वॉचमन, कुणाची आई माझ्यासारखे डबे करते. एकदा कॉलेजच्या कार्यक्रमाला पाहुणे आले होते. ते भाषणात सारखं "इथली गरीब मुलं" म्हणत होते. बाई उठल्या, स्टेजजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "सर, तेवढा एक शब्द वगळून बोलाल का? मुलांना पुढे मुलाखती द्यायच्या आहेत." पाहुण्यांनी भाषण तिथेच आवरलं. प्राचार्यांनी नंतर बाईंना बरंच ऐकवलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, मग?"

प्राचार्य माणूस वाईट नव्हता, पण त्याला शिवडी या नावाची लाज वाटायची. मुंबईत ही एक गंमत आहे. शिवडीचा माणूस परळ सांगतो, परळचा दादर सांगतो, आणि दादरचा शिवाजी पार्क. आता टॉवर बांधणारे आमच्या लालबागला जे म्हणतात ते तर मला उच्चारताही येत नाही. शिवडी म्हटलं की टाउनमधल्या माणसाला गोदी, ट्रक आणि क्षयाचं इस्पितळ एवढंच दिसतं. म्हणून प्राचार्यांनी कॉलेजच्या पत्रांवर, बोर्डावर, सगळीकडे 'परळ (पूर्व)' छापून घेतलं. त्याने ॲडमिशन वाढतात म्हणे. बाई भांडल्या, पण हरल्या.

वर्गात मात्र त्यांनी ते चालू दिलं नाही. मयुरी शेवटच्या वर्षाला असताना त्या तिला आणि तिच्या वर्गातल्या रेश्मा आणि तुषारला माझ्याकडे घेऊन आल्या. दुपारचं गिऱ्हाईक गेलं होतं. बाईंनी मला टेबलामागे बसवलं.

"मावशी, तुम्ही साहेब. ह्यांची मुलाखत घ्या."

"मी? मला काय येतं?"

"साहेबाला काय येतं ते कोण बघतं? मुलं साहेबाच्या तोंडाला घाबरतात. तुमचं तोंड बरोबर आहे."

मयुरी फिदीफिदी हसली. मी तिच्याकडे बघितल्यावर गप्प झाली. पहिला तुषार बसला. मी विचारलं, "नाव काय?" त्याने सांगितलं. "कॉलेज कुठलं?"

"परळ."

बाई मागून ओरडल्या, "परळला कुठे?"

"म्हणजे... परळच्या जरा पुढे."

"किती पुढे?"

"शिवडी."

"मग शिवडी म्हण ना. तोंड भाजतं?"

"मॅडम, शिवडी म्हटलं की ते लगेच मोबाइल बघायला लागतात. माझ्या दादाच्या वेळेला तसंच झालं."

"बघू दे. मोबाइल बघून झाला की पुन्हा तुझ्याकडेच बघणार आहेत. तू हिशेबाच्या कामाला चाललायस. हिशेबाच्या माणसाने पहिल्याच उत्तराला पत्ता चोरला तर त्याच्या हातात कुणी कपाटाची चावी देईल का?"

मग तिघांकडूनही त्यांनी मोठ्याने वदवून घेतलं. कॉलेज कुठलं? शिवडी. कॉलेज कुठलं? शिवडी. समोरच्या खोलीतली शिर्केवहिनी दारात येऊन विचारायला लागली, की मोर्चा निघालाय का. त्यानंतर मी तुषारला विचारलं, की डेबिट म्हणजे काय ते मला समजेल असं सांग. त्याने पुष्कळ सांगितलं. मला काही कळलं नाही आणि मी तसं म्हटलं. बाई म्हणाल्या, "बघ, साहेब नाही म्हणाला. पुन्हा सांग." तिसऱ्या वेळेलाही मला कळलं नाही, पण पोरगा अडखळायचा थांबला होता.

ते वर्ष बाईंचं नोकरीतलं शेवटचं होतं. त्यांच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती त्यांनी मला कितीदा तरी सांगितली होती. टाउनच्या कॉलेजांत मोठ्या फर्म स्वतः चालत येतात. तिथेच मुलाखती घेतात. परीक्षा व्हायच्या आधी मुलांच्या हातात नोकरी. ज्या कॉलेजात त्या येत नाहीत, त्या कॉलेजची मुलं पास झाल्यावर दारोदार फिरतात आणि बाहेरच्या बाकावरूनच परत येतात. शिवडीच्या कॉलेजात आजवर कुणी आलं नव्हतं. क्रेडिट कार्ड विकणारे आले होते, तेवढेच.

"रिटायर व्हायच्या आधी एक तरी चांगली फर्म माझ्या कॉलेजचा जिना चढली पाहिजे, मावशी. एकदा चढली की रस्ता कळतो. मग मी असले नसले तरी चालेल."

फोर्टात ऑडिटवाल्यांची एक मोठी फर्म आहे. तिथे मुलं घेण्याचं काम दळवी नावाच्या साहेबाकडे होतं. बाई दर गुरुवारी माझ्याकडे जेवून तिकडे जायला लागल्या. दळवी भेटायचे नाहीत. बाई बाहेर बसून पेपर तपासायच्या आणि ऑफिस बंद व्हायला आलं की उठायच्या. दारावरची मुलगी आधी नाक मुरडायची, पुढे पाणी आणून द्यायला लागली, आणि नंतर आपल्या भावाच्या ॲडमिशनचं विचारायला लागली. शेवटी दळवींनीच कंटाळून आत बोलावलं.

काय झालं ते बाईंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. दळवी सभ्य माणूस. म्हणाले, "मॅडम, राग मानू नका, पण आम्ही ठरलेल्या कॉलेजांतच जातो. सगळीकडे जायला आमच्याकडे माणसं नाहीत. चांगल्या कॉलेजात एका दिवसात काम होतं."

"आणि त्या चांगल्या कॉलेजची मुलं तुमच्याकडे टिकतात किती?"

दळवी हसले. "वर्षभर. मग एमबीएला जातात, नाहीतर बाहेरगावी."

"माझी जाणार नाहीत," बाई म्हणाल्या. "त्यांना जायला दुसरी जागाच नाही."

यावर दळवी म्हणाले, की ठीक आहे, दोन माणसं पाठवतो, तासाभरासाठी.

मला वाटलं बाई खूश असतील. पण त्या ताटातला भात नुसता चिवडत होत्या. "चुकीचं बोलले मी. त्या पाहुण्याला भर सभेत गप्प केलं, आणि स्वतः जाऊन काय सांगून आले? की माझी मुलं घ्या, ती अडलेली आहेत."

"काम झालं ना?"

"काम झालं."

"मग जेवा."

त्यांनी जेवण पूर्ण केलं, पण त्या दिवशी सोलकढी मागितली नाही.

फर्मची माणसं येणार त्या दिवशी कॉलेजचा जिना धुऊन काढला होता. मंडळाकडून खुर्च्या आणल्या होत्या, बॅनर लावला होता, ट्रस्टीसुद्धा इस्त्रीचे कपडे घालून येऊन बसले होते. पाहुण्यांचं जेवण माझ्याकडे होतं. कोंबडी-वडे केले होते. डबे भरून झाले आणि बाई ते घ्यायला स्वतः आल्या. नवी साडी, बूट तेच. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. स्पीकरवर एका तरुण मुलीचा आवाज.

"मॅडम, आम्ही कधीपासून परळला फिरतोय. पत्त्यावर परळ ईस्ट लिहिलंय. मॅपवर दुसरंच कॉलेज दाखवतंय, तिथे गेलो तर वॉचमन म्हणाला, असं इथे काही नाही."

बाई म्हणाल्या, "शिवडीला आहे. टॅक्सीवाल्याला शिवडी सांगा, मी रस्त्यावर उभी राहते."

"शिवडी? नाही मॅडम, आता नाही जमणार. दुपारी आम्हाला माटुंग्याच्या कॉलेजला पोचायचंय. आता शिवडीला येऊन मुलाखती घेऊन परत... आपण पुन्हा कधीतरी ठेवू या."

पुन्हा कधीतरी म्हणजे कधी, ते बाईंना माहीत होतं. मलाही कळलं. बाईंना एवढा वेळ तोंड मिटून उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पलीकडून "हॅलो, मॅडम, हॅलो" चाललं होतं.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही आत्ता कुठे उभ्या आहात?"

"मोठ्या हॉस्पिटलच्या समोर. इथे एक उडपी हॉटेल आहे."

"आत जाऊन बसा. कॉफी मागवा. तुमची कॉफी संपायच्या आत माझी मुलं तिथे येतात. तुम्हाला कुठेही यायला नको."

फोन ठेवून त्यांनी रेश्माला लावला. "सगळ्यांना खाली उतरव. टॅक्सी मिळाली तर टॅक्सी, बस मिळाली तर बस. परळ, हॉस्पिटलसमोरचं उडपी. धावत सुटा." तिच्या हातून प्राचार्यांनी फोन घेतला. "अहो गायकवाड बाई, असं कसं? बॅनर लावलाय, बुके आणलाय, ट्रस्टी आलेत! त्यांना इकडे आणा."

"ते येत नाहीत, सर. येत नाहीत कारण आपण परळ छापलंय. ट्रस्टींना चहा द्या."

मी डबे पुन्हा ओट्यावर ठेवायला लागले तर बाई म्हणाल्या, "ते घ्या आणि चला. मुलं पोचायच्या आधी ती माणसं निघाली तर तुम्ही डबे घेऊन दारात उभ्या राहायचं. तुम्हाला ओलांडून कोण जातंय?"

तर अशी मी त्या उडपी हॉटेलात गेले. फर्मतर्फे एक मुलगा आणि एक मुलगी आली होती, दोघंही आमच्या मयुरीपेक्षा फार मोठी नसतील. दोघं घामाघूम. वेटर माझ्या डब्यांकडे बघून म्हणाला, "बाहर का खाना नहीं चलेगा, आजी." मी म्हटलं, "खातंय कोण? धरून बसलेय." हळूहळू मुलं यायला लागली. धापा टाकत, शर्ट पँटमध्ये खोचत, वेणी बांधत. हॉटेलवाल्याने आधी कपाळाला हात लावला, मग एक कोपरा मोकळा करून दिला, कारण बाईंनी सगळ्या मुलांसाठी इडल्या सांगून टाकल्या होत्या.

बाई त्या दोघांसमोर उभ्या राहिल्या. "ही शिवडीच्या कॉलेजची मुलं. पत्ता चुकीचा छापला ती आमची चूक. मुलांची नाही. आता मी बोलत नाही." आणि त्या दुसऱ्या टेबलावर पाठ करून बसल्या. माझं तोंड त्यांच्याकडे होतं, म्हणून मला दिसत होतं. एकेक मूल बोलायला लागलं की बाईंचे ओठ हलायचे. रेश्माच्या वेळी हलले, तुषारच्या वेळी हलले. कुणी अडखळलं की चमचा उचलायच्या आणि ठेवायच्या.

मयुरी बसली. त्या मुलाने विचारलं, "कॉलेज?"

आमची नात, जिने माझ्यासमोर बसून शिवडी शिवडी घोकलं होतं, ती म्हणाली, "परळ."

तो मुलगा खुर्चीत मागे टेकला. "परळला कुठे? सकाळपासून आम्ही तेच शोधतोय."

बाईंनी डोळे मिटले. मयुरीचा चेहरा पांढराफटक. मग ती म्हणाली, "सॉरी सर. परळ आमच्या प्राचार्यांचं आहे. आमचं कॉलेज शिवडीला."

दोघं खळखळून हसली. बाजूच्या टेबलावरची मुलंही हसली. बाईंनी डोळे उघडले, पण त्या हसल्या नाहीत. त्यांना हसणं आणि नोकरी यांतला फरक माहीत होता.

सगळं संपल्यावर त्या मुलीने बाईंना विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः कुठल्या कॉलेजच्या?"

"रात्रीच्या. दिवसा नोकरी करायचे. नाव सांगून उपयोग नाही, ते कधीच बंद पडलं."

डबे शेवटी त्या दोघांनी टॅक्सीत बसून खाल्ले. असं नंतर बाई म्हणाल्या. रिकामे डबे मात्र मला कधी परत मिळाले नाहीत.

रेश्मा आणि तुषार लागले. मयुरी लागली नाही. इथे मी नातीची बाजू घेणार नाही. तिला विनोद सुचला, पण पुढच्या प्रश्नांना ती तोंडातल्या तोंडात बोलत होती, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. तिने दोन दिवस अंथरूण सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी बाई आल्या, तिच्या उशाशी बसल्या आणि त्यांचं ते नेहमीचं विचारलं. मयुरी चिडून म्हणाली, "मॅडम, तुम्हाला दुसरं काही बोलता येत नाही का?"

"येतं. ऊठ, तोंड धू. माझ्याबरोबर चल."

कॉलेजच्याच रस्त्यावर एका ट्रान्सपोर्टवाल्याला जीएसटीचं काम बघणारं माणूस हवं होतं. बाई तिला तिथे घेऊन गेल्या, आत पाठवलं आणि स्वतः बाहेर ट्रकच्या सावलीत उभ्या राहिल्या. मयुरी अजून तिथेच आहे. आता सगळे हिशेब तीच बघते आणि ड्रायव्हर लोक तिला घाबरतात. मोठ्या फर्मचं नाव लागलं असतं तर आज ती कुठे असती, हा विचार तिच्या मनात येतो, आणि यायलाच हवा. बाईंनीच सांगितलं होतं, फरक पडतो.

निकाल कळला त्या दिवशी बाई माझ्याकडे जेवल्या. मी म्हटलं, "दोन पोरं लागली खरी. पण तुमचा जिना काही कुणी चढलं नाही."

"नाही चढलं," त्या म्हणाल्या.

"त्यांना जरा दरडावून शिवडीला यायलाच लावायचं होतं. तुमच्यापुढे कुणाची हिंमत होते?"

"आणि ती निघून गेली असती तर? माझा जिना मोठा की रेश्माची नोकरी?" एवढं बोलून त्यांनी सोलकढीची वाटी पुढे केली. मी भरली.

मे महिन्यात त्या रिटायर झाल्या. प्राचार्यांनी शाल दिली, चांगलं भाषणही केलं. त्यानंतर त्यांचं माझ्याकडे येणं कमी झालं. वरळीच्या जुन्या चाळीच्या जागी टॉवर झाला, त्यात त्यांना वरच्या मजल्यावर घर मिळालं. लिफ्ट आवडत नाही म्हणायच्या. त्या घरात त्यांना फार दिवस राहायला मिळालं नाही. आजार मोठा होता आणि त्यांनी तो कुणाला सांगितला नव्हता. रेश्मा आणि तुषार शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होते, असं कळलं. त्या वारल्याचं मला उशिरा समजलं, मी गेले नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या रिटायर झाल्याच्या पुढच्या वर्षी. रेश्मा आणि तुषारचं काम फर्मला पसंत पडलं होतं, आणि दळवींनी आपणहून कॉलेजला कळवलं होतं, की या वर्षी आम्ही येतो. मयुरीने मला घरी हे सांगितलं होतं. बाईंना बोलावणं गेलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. बोर्डावर अजून 'परळ (पूर्व)' होतंच.

फर्मची माणसं यायची होती त्याच दिवशी मयुरी डबा विसरली म्हणून मी तो पोचवायला शिवडीला गेले होते. तिच्या ऑफिसच्या पायरीवर बसले होते तर समोर, जिथून कॉलेजकडे रस्ता वळतो त्या नाक्यावर, बाई उभ्या दिसल्या. ऊन कडक होतं. वाळल्या होत्या, साडी अंगावर सैल झाली होती. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते आणि त्या मुख्य रस्त्याकडून येणारी प्रत्येक टॅक्सी वाकून बघत होत्या. एका टॅक्सीला त्यांनी हात केला. ती थांबली. बाई खिडकीशी वाकल्या, काहीतरी बोलल्या, हाताने वळण दाखवलं. आतली मुलगी दार उघडून खाली उतरायला लागली, बहुतेक मागच्याच वर्षीची ती. बाईंनी दार बाहेरून लोटून बंद केलं आणि टपावर थाप मारली. टॅक्सी आत वळली.

मी जागची हलले नाही. कॉलेजच्या दारात टॅक्सी थांबली. दोन माणसं उतरली, त्यांनी वर बघितलं आणि जिना चढायला लागली. ती वर जाऊन दिसेनाशी होईपर्यंत बाई नाक्यावर उभ्या होत्या. मग त्यांनी हात वर करून समोरून येणारा कंटेनर थांबवला, रस्ता ओलांडला आणि वरळीची बस पकडली.